वर्गणी मागायची, पण पदर पसरायचा नाही

भाकरी थापता थापता, जनावरांना वैरण टाकता टाकता ऐकत असाल, तर तशाच ऐका. हातातलं काम थांबवू नका. आज मी पैशाबद्दल बोलणार आहे आणि पैशाचं बोलणं आपण काम करता करताच करतो.

माझ्या सासूबाईंचं, म्हणजे आत्याबाईंचं वय ऐंशीच्या पुढं आहे. त्यांना जात्यावरच्या ओव्या किती येतात, हे त्यांचं त्यांनाही ठाऊक नाही. दोन वर्षांपूर्वी थंडीत त्यांना मोठं दुखणं आलं. पंधरा दिवस आवाजच बसला. तेव्हा आमच्या बचत गटातल्या सगळ्याजणींच्या पोटात गोळा आला. गावात ओव्या म्हणणाऱ्या अकरा बायका उरल्यात, सगळ्या सत्तरीच्या पुढच्या. एकेकीबरोबर ओव्याही मातीत जाणार. मग ठरलं, की आपण त्या नीट रेकॉर्ड करायच्या, यूट्यूबवर आपला चॅनेल काढायचा आणि महिन्यातून दोन भाग टाकायचे.

ठरवायला काय लागतं? पण हिशेब मांडला आणि डोळे पांढरे झाले. रेकॉर्डर आणि माइक १४,०००. स्टँड आणि मेमरी कार्डं २,५००. वाड्या-वस्त्यांवर जायला गाडीभाडं ४,५००. अकराजणींना प्रत्येकी हजाराचं मानधन, म्हणजे ११,०००. ओव्या ऐकून लिहून काढायला ६,०००. आणि २०० प्रतींची छोटी पुस्तिका ८,०००. एकूण ४६,०००. गटाच्या बचतीतून एवढा पैसा काढणं बरोबर नव्हतं. ती बचत म्हशीच्या, फीच्या, दवाखान्याच्या वेळेला लागते.

तेव्हा पुण्याहून आलेला माझा भाचा म्हणाला, "मामी, क्राउडफंडिंग करा." मी म्हटलं, ते काय असतं? तो म्हणाला, "वर्गणीच. फक्त फोनवरची."

वर्गणी आपल्याला नवी आहे का? गणपतीची पावती फाडतो, जत्रेला घरटी पट्टी देतो, देवळाच्या शिखराला पैसे घालतो. आणि कलेला पैसे घालायचं तर कोल्हापूरला शिकवायलाच नको. बाबूराव पेंटरांनी इथं महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, कॅमेरासुद्धा इथंच हातानं बनवला. त्या कंपनीला पैशाचं पाठबळ कुणी दिलं? तानीबाई कागलकर या गायिकेनं. त्याच कंपनीचा 'सैरंध्री' १९२० साली पडद्यावर आला. म्हणजे शंभर वर्षांपूर्वी, या कोल्हापुरात, एका बाईनं आपल्या कमाईच्या जोरावर सिनेमा उभा करायला हात दिला. आपल्याकडं सिनेमाचा इतिहास सांगताना पेंटरांचं नाव येतं, तानीबाईंचं येता येता राहून जातं. म्हणून मी मुद्दाम घेतलं.

दुसरं उदाहरण आपल्या दूधवाल्या बायकांसाठी. श्याम बेनेगलांचा 'मंथन' हा चित्रपट १९७६ सालचा. आपली स्मिता पाटील आहे त्यात. तो काढायला गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन दोन रुपये दिले. दोन रुपयांत काय होतं, असं आपण म्हणतो. पाच लाखांनी घातले की दहा लाख होतात. आणि चित्रपट लागला तेव्हा तीच माणसं ट्रक भरभरून बघायला गेली, कारण तो त्यांचा चित्रपट होता.

या दोन रीतींत फरक आहे, तो ध्यानात ठेवा. तानीबाईंसारखी एकच मोठी देणारी असली की काम लवकर सुरू होतं, पण तिनं हात आखडला की थांबतं. दोन दोन रुपये देणारे पुष्कळ असले की वेळ लागतो, पण ते बघणारे आणि ऐकणारेही होतात. त्यांना हिशेब मात्र पाच लाखवेळा द्यावा लागतो.

आता आमची फजिती सांगते. भाच्यानं घाईघाईनं एका प्लॅटफॉर्मवर आमचं पान उघडलं. कुठल्या, ते सांगत नाही, कारण चूक बरीचशी आमचीच होती. दुसऱ्या दिवशी तिथून एका मुलीचा फोन आला. आवाज गोड. म्हणाली, "ताई, आजींचा फोटो जरा बदला. चेहरा दुःखी हवा, साडी साधी हवी. घरची परिस्थिती लिहा, लोक लगेच देतात." मी फोन स्पीकरवर ठेवला होता. आत्याबाई चुलीपाशी बसल्या होत्या. त्यांनी ऐकलं आणि म्हणाल्या, "मी काय पदर पसरून बसलोय व्हय? माझ्याकडं ओव्या हाईत म्हणून तुमी आलाय न्हवं? मग देणारा मी, का घेणारा मी?"

मैत्रिणींनो, त्या एका वाक्यानं माझे डोळे उघडले. आजारपणासाठी मदत मागणं वेगळं आणि कामासाठी वर्गणी मागणं वेगळं. आजारपणात मागायला लाज नाही. त्यासाठी आपल्या देशात बेंगळुरूचं मिलाप आहे, २०१० पासून. मुंबईचं केट्टो आहे, २०१२ पासून. तिथं दवाखान्याच्या खर्चाच्या मोहिमा खूप असतात आणि त्यातून पुष्कळ लोकांना आधार मिळालाय. पण तिथं येणारा माणूस आजारी लेकरू बघून आलेला असतो. त्या रांगेत आपण ओव्या घेऊन उभ्या राहिलो, तर एक तर कुणी बघत नाही, नाहीतर आपल्याला रडका चेहरा करावा लागतो. म्हणून पहिली गोष्ट ही, की ज्या बाजारात आपला माल विकला जातो, त्याच बाजारात पाटी घेऊन बसावं.

फजिती तिथंच संपली नाही. नऊ दिवसांत ४,१०० रुपये जमले. ते काढायला गेलो तर अडकले. आत्याबाईंचं आधारवर नाव एक, पासबुकावर दुसरं. आपल्या बायकांचं हे नेहमीचंच, एका कागदावर माहेरचं नाव, दुसऱ्यावर सासरचं. शेवटी पान बंद केलं. देणाऱ्यांचे पैसे त्यांच्या खात्यात परत जायला काही आठवडे लागले, आणि तोवर मला वाटेत भेटेल त्याला उत्तर द्यावं लागलं. शेजारच्या गल्लीतल्या एकीनं शंभर दिले होते. ती काही बोलली नाही, पण बघितलं असं की ते शंभर मला लाखासारखे जड झाले.

त्यानंतर आम्ही गटाच्या बैठकीत वही घेऊन बसलो आणि प्लॅटफॉर्म निवडायच्या आधी स्वतःला विचारायचे प्रश्न लिहिले. तुम्हीही लिहून घ्या.

पहिला प्रश्न. पैसे एकदाच हवेत, की दर महिन्याला? माइक घ्यायचा, पुस्तिका छापायची, तर ते एकदाच. त्याला ठरावीक मुदतीची मोहीम लागते. पण दर महिन्याला भाग टाकायचे, तर गाडीभाडं दर महिन्याला लागणार. त्याला भिशीसारखं काहीतरी हवं. पॅट्रिऑन हे अमेरिकेतलं २०१३ साली सुरू झालेलं प्लॅटफॉर्म या महिनेवारी रीतीचं आहे. पण तिथला हिशेब मुख्यतः डॉलरसारख्या परदेशी चलनात, आणि आपल्या गावातला देणारा तिथवर पोचणं अवघड. यूट्यूबवरही सभासद होऊन दरमहा पैसे द्यायची सोय आहे, पण चॅनेल यूट्यूबच्या अटींत बसावा लागतो, आणि सभासदांनी दिलेल्यातले साधारण ३० टक्के यूट्यूब ठेवतं, ७० टक्के आपल्याला. भिशीवालीनं शंभरातले तीस ठेवले तर आपण दुसऱ्या महिन्यात भिशी सोडू. पण त्यांच्या बाजूनंही बघायला हवं. व्हिडिओ साठवायची जागा, दाखवायची सोय त्यांची आहे. पटलं तर घ्यावं, न पटलं तर नाही.

दुसरा प्रश्न. ठरवलेली रक्कम पुरी जमली नाही तर काय? यात दोन रीती आहेत. एक, जमेल तेवढं तुमचं. दुसरी, पुरी जमली तरच मिळणार, नाहीतर देणाऱ्यांना परत. अमेरिकेतलं किकस्टार्टर या दुसऱ्या रीतीनं चालतं, पण भारतातून तिथं थेट मोहीम उभी करता येत नाही. आपल्याकडं मुंबईच्या विशबेरीनं कलेच्या कामांसाठी हीच रीत चालवली. वरवर ती कठोर वाटते. पण विचार करा, अर्ध्या पैशात अर्धी विहीर खणून काय उपयोग? पाणी लागलं नाही तर पैसाही गेला आणि शब्दही गेला. ज्या कामाचे तुकडे पडत नाहीत, त्याला पुरं नाहीतर परत हीच रीत बरी. आमच्या कामाचे तुकडे पडत होते. आधी रेकॉर्डिंग, मग पुस्तिका. म्हणून आम्हाला जमेल तेवढं चालणार होतं.

तिसरा प्रश्न. हातात किती पडणार? समजा, प्लॅटफॉर्म १० टक्के घेतं आणि पैसे पोचवणारी कंपनी २ टक्के घेते. या दोन्ही आकारांवर १८ टक्के जीएसटी. मग ५०,००० जमले तर ५,००० आणि १,००० मिळून ६,००० आकार, त्यावर कर १,०८०. कापले गेले ७,०८०. हातात ४२,९२०. आम्हाला ४६,००० हातात हवे होते, तर मागावे लागले असते जवळजवळ ५३,६००. ऊस घालताना आपण काटा बघतो, तोडणी-वाहतूक किती कापली ते विचारतो. इथंही तसंच विचारायचं. आणि "आम्ही काहीच घेत नाही" असं कुणी म्हटलं, तर देणाऱ्याच्या फोनवर काय दिसतं ते बघा. काही ठिकाणी रकमेच्या खाली टिप म्हणून आधीच आकडा भरलेला असतो. देणाऱ्याला वाटतं सगळं आपल्याला आलं. म्हणून मोहीम सुरू झाली की आधी घरातल्याच कुणाला तरी दहा रुपये भरायला लावा आणि शेवटपर्यंत काय दिसतं ते बघा.

चौथा प्रश्न. पैसे कुणाच्या खात्यात? शक्यतो गटाच्या. गटाच्या खात्यावर दोन-तीन जणींच्या सह्या लागतात, म्हणून संशयाला जागा राहत नाही. एकीच्या नावावर घेतले तर आणखी एक गोष्ट आहे. नात्याबाहेरच्या लोकांकडून एका वर्षात देणगी म्हणून मिळालेली रक्कम ५०,००० च्या वर गेली, की आयकराच्या नियमानं ती सगळी उत्पन्नात धरतात, फक्त वरची नाही, सगळी. पैशाच्या बदल्यात पुस्तिका द्यायची असेल तर हिशेब पुन्हा वेगळा. म्हणून तालुक्याच्या सीएकडं एकदा जाऊन या. आणि आधार, पॅन, पासबुक या तिन्हींवरचं नाव आधीच एकसारखं करून घ्या. आमच्यासारखं मागनं धावू नका.

पाचवा प्रश्न, आणि हा सगळ्यात मोठा. माणसं कोण आणणार? आम्हाला वाटलं होतं, पान उघडलं की देशभरातनं लोक येतील. तसं होत नाही. प्लॅटफॉर्म म्हणजे मांडव. मांडव भाड्यानं मिळतो, वऱ्हाड आपलं आपण आणायचं. आमच्या नऊ दिवसांत आलेले जवळजवळ सगळे पैसे ओळखीच्यांचेच होते. मग ओळखीच्यांकडून घ्यायला मधे १४ टक्के कशाला घालवायचे? पण देणारे मुंबई, बेंगळुरू, परगावचे अनोळखी असतील, तर त्यांना आपला विश्वास कसा यायचा? तिथं नाव असलेलं प्लॅटफॉर्म उपयोगी पडतं. तो कापलेला पैसा विश्वासाची किंमत समजायचा.

सहावा प्रश्न. आवाज कुणाचा, नाव कुणाचं? आपल्या महाराष्ट्रात हेमा राईरकर आणि गी पॉटव्हँ यांनी वर्षानुवर्षं खेडोपाडी फिरून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा करवल्या. पुढं त्या 'पारी'नं लोकांसमोर आणल्या. 'पारी' म्हणजे पी. साईनाथ यांनी २०१४ साली सुरू केलेला खेड्यापाड्यांचा संग्रह, तोही लोकांच्या देणग्यांवर चालतो. तिथं ओवीखाली म्हणणाऱ्या बाईचं नाव आणि गाव असतं. ते बघून आम्ही ठरवलं, की आपणही प्रत्येकीला विचारूनच रेकॉर्ड करायचं, तिचं नाव लावायचं आणि मानधन आधी द्यायचं. प्लॅटफॉर्मवर "मान्य आहे" असं बटण दाबायच्या आधी घरातल्या शिकलेल्या पोरीकडून वाचून घ्या, की आपला आवाज आणि फोटो त्यांना त्यांच्या जाहिरातीत वापरता येतो का.

आता चार सावधगिऱ्या. एक, देणाऱ्याला "चॅनेल चालला की नफ्यात वाटा देऊ, व्याज देऊ" असं कधीही सांगू नका. लोकांकडून असे पैसे घेणं कायद्यात बसत नाही. पुस्तिका द्या, नाव घ्या, एखादा भाग त्यांच्या आईच्या नावानं अर्पण करा. दोन, परदेशातून पैसे येणार असतील तर आधी विचारा. आमच्यातल्या एकीचा पुतण्या अमेरिकेत आहे. तिथं राहणारा पण भारताचाच नागरिक असलेला माणूस स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत देतो ती गोष्ट निराळी. परदेशाचं नागरिकत्व घेतलेल्याचे पैसे गटाला सरकारची परवानगी असल्याशिवाय घेता येत नाहीत. आणि बातम्या दाखवणाऱ्या संस्थांना परदेशी पैसा घ्यायला बंदीच आहे. तीन, "तुमची देणगी आयकरात वजा होईल" असं बोलू नका. त्यासाठी संस्थेकडं आयकराचं तसं प्रमाणपत्र लागतं, आपल्या गटाकडं ते नसतं. चार, पैसे घ्यायला पिन लागत नाही. "देणगी पाठवतोय, पिन टाका" असं कुणी म्हटलं, तर तो लुटारू. चूक झालीच तर लाजू नका, लगेच १९३० ला फोन लावा.

मग आम्ही काय केलं? पहिल्या कामासाठी कुठलंच मोठं प्लॅटफॉर्म घेतलं नाही. गटाच्या खात्याचा क्यूआर कोड घेतला, जुन्या पद्धतीचं पावतीबुक छापलं आणि ६० दिवसांची मुदत ठेवली. आत्याबाईंचा फोटो काढला तो हिरव्या इरकलीत, जात्याच्या खुंट्याला हात लावून, हसताना. खाली लिहिलं, "आमच्याकडं ओव्या आहेत. त्या जपायला वर्गणी हवी आहे." बस्स.

साठ दिवसांत ३२,६५० रुपये जमले. ४६,००० नाही जमले. बैठकीत वाद झाला. एकजण म्हणाली, मानधन अर्धं करू, म्हाताऱ्यांना काय कळतंय. खोटं कशाला बोलू, क्षणभर मलाही ते सोपं वाटलं. पण ज्यांच्या जिवावर वर्गणी मागितली, त्यांच्याच ताटातला घास काढायचा? शेवटी पुस्तिकेचे ८,००० पुढं ढकलले. लिहून काढायचे ६,००० वाचले, कारण कॉलेजच्या पोरींनी चहा-पोह्यांवर ते काम केलं. खर्च ३२,००० झाला, उरले ६५०. सगळा हिशेब ग्रामपंचायतीच्या फळ्यावर खडूनं लिहिला आणि त्याचा फोटो प्रत्येक देणाऱ्याला पाठवला. ज्या बाईनं पहिल्या खेपेला शंभर दिले होते, तिनं फळा वाचला आणि दुसऱ्या दिवशी पन्नास घेऊन आली. म्हणाली, "पुस्तिकेत घाला."

आता दर महिन्याला पन्नास रुपये देणारी ३८ माणसं आहेत. म्हणजे १,९००. त्यात महिन्याचे दोन भाग निघतात. गावाबाहेरचे ऐकणारे वाढले, की महिनेवारी प्लॅटफॉर्म घ्यायचं का, हे आम्ही पुन्हा त्याच वहीतल्या सहा प्रश्नांवर ठरवणार.

आत्याबाईंचा आवाज आता पहिल्यासारखा लागत नाही. पण परवा त्यांनी फोनवर स्वतःचीच ओवी ऐकली. खाली लिहिलेलं स्वतःचं नाव नातीकडून दोनदा वाचून घेतलं. मग म्हणाल्या, "आता कुणी दिलं न्हाई तरी चालंल. पर मागायचं झालं तर असंच ताठ मानंनं मागा."

मैत्रिणींनो, तुमच्याकडं पापडाची रीत असेल, बी-बियाण्याची माहिती असेल, भजन असेल, गोष्टी असतील. ती तुमची पुंजी आहे. येत्या बैठकीत वही काढा, खर्च मांडा, सहा प्रश्न विचारा आणि मगच फोनवरचं बटण दाबा.